कानातला आवाज आणि मनाचा त्रास : चार विद्याशाखांच्या सीमेवरचे संशोधन कसे आखावे

ठाणे, कळवा, नेरूळ किंवा खारघर येथे मानसशास्त्र, जीवशास्त्र, ऑडिओलॉजी अथवा परिचर्या शिकणारा विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधू लागला की कर्णनादाचा विषय त्याला हमखास खुणावतो. बाहेर कोणताही आवाज नसताना कानात शिट्टी, भुणभुण किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे, ज्याला दवाखान्यात टिनिटस म्हणतात, ही एकच तक्रार जीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, श्रवणशास्त्र आणि मानसोपचार या चारही विषयांत अभ्यासली जाते. विषय म्हणूनच आकर्षक आहे आणि म्हणूनच अवघडही आहे, कारण चार शाखांची मोजमापे वेगळी, परिभाषा वेगळी आणि ‘सुधारणा झाली’ असे म्हणण्याचे निकषही वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रबंध जाडजूड होतो, पण त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

ही सरमिसळ टाळण्याचा मार्ग एका साध्या प्रश्नातून जातो. आपण आवाज मोजणार आहोत, की त्या आवाजामुळे होणारा त्रास? पुढे दिलेली प्रत्येक पायरी, मग ती संदर्भ शोधण्याची असो, शोधनिबंध वाचण्याची असो किंवा स्वतःचा छोटा अभ्यास आखण्याची असो, या प्रश्नाचे उत्तर हाताशी ठेवूनच चढावी.

प्रश्न एका वाक्यात बसवणे

आवाज आणि त्रास एकाच प्रमाणात वाढतात, असे समजण्यास आधार नाही. ऑडिओलॉजिस्ट बाहेरून स्वर ऐकवत ‘कानातला आवाज एवढाच मोठा आहे का’ असे विचारत जातो, तेव्हा बहुतेक रुग्णांचा आवाज त्या वारंवारतेच्या त्यांच्या श्रवणउंबरठ्यापासून, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजापासून, दहाएक डेसिबलच्या आतच जुळतो. इतक्या लहान पट्ट्यात सारे रुग्ण दाटीने बसलेले असताना त्यांच्यातल्या एकाची रात्रीची झोप उडालेली असते, तर दुसरा विचारल्याशिवाय तक्रारही करत नाही. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त आलेल्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो, मात्र तीव्र स्वरूपाचा कर्णनाद सुमारे २ टक्क्यांनाच असतो. त्याहून जुना पुरावा १९५३ चा आहे. हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा काही मिनिटांतच त्यांतील ९४ टक्क्यांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. हे लोक आजारी नव्हते. शांततेत लक्ष आत वळले, एवढेच झाले होते.

हे ध्यानात घेतले की ‘कर्णनादाचा मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम’ असे शीर्षक सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या मंजुरीसाठी द्यायच्या आराखड्यात) कितीही भारदस्त दिसले तरी त्याचा उपयोग नाही, हे कळते. त्यात कोणाचा कर्णनाद, किती काळाचा आणि मानसिक आरोग्याचा कोणता भाग, यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. त्याऐवजी प्रश्न असा लिहावा : ‘ठाणे शहरातील कान-नाक-घसा ओपीडीत येणाऱ्या, सहा महिने किंवा अधिक काळ कर्णनाद असलेल्या १८ ते ६० वयोगटातील व्यक्तींमध्ये श्रवणउंबरठ्याची पातळी आणि कर्णनादाच्या त्रासाचे गुण यांच्यात किती संबंध आढळतो?’ हे वाक्य कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण त्यातला प्रत्येक शब्द एकेक निर्णय आहे. सहा महिन्यांची अट अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील दीर्घकालीन कर्णनादाच्या व्याख्येशी जुळते. वयाची वरची मर्यादा वार्धक्यातील बहिरेपणाचा प्रभाव आटोक्यात ठेवते. ओपीडीचा उल्लेख वाचकाला बजावतो की हे निष्कर्ष दवाखान्याची पायरी न चढलेल्यांना लागू करू नयेत.

मार्गदर्शक निवडतानाही हीच फोड उपयोगी पडते. शक्य असेल तर एक मार्गदर्शक श्रवणाच्या बाजूचा आणि दुसरा मनाच्या बाजूचा घ्यावा. श्रवणाच्या बाजूसाठी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ठाण्याहून लोकलच्या टप्प्यात आहे. मनाच्या बाजूने तर ठाण्याला मोठी परंपरा आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ चे आणि आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० ची. दोन्ही मार्गदर्शकांना सिनॉप्सिसच्या आधीच एकदा समोरासमोर बसवावे, कारण त्यांच्यातले मतभेद तोंडी परीक्षेत कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेले बरे.

संदर्भ शोधणे

शोधाची सुरुवात पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीपासून करावी, परंतु शोधचौकटीत एखादे अख्खे वाक्य टाकून मिळालेल्या पहिल्या पानावर समाधान मानू नये. प्रश्नातील एकेका संकल्पनेसाठी समानार्थी शब्दांचा एकेक गट करावा, गटाच्या आत ‘ऑर’ आणि दोन गटांच्या मध्ये ‘अँड’ वापरावे. समजा, प्रश्न मानसोपचाराच्या परिणामाचा आहे; मग पहिल्या गटात टिनिटस हा शब्द आणि त्याच नावाचा पबमेडमधील विषयमथळा असेल. दुसऱ्या गटात कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारा मानसोपचार), तिचे सीबीटी हे लघुरूप, माइंडफुलनेस, ॲक्सेप्टन्स अशी भावंडे येतील. तिसरा गट करून त्यात ‘त्रास’, ‘झोप’, ‘नैराश्य’ असे परिणामवाचक शब्द घालण्याचा मोह मात्र आवरावा. अनेक निबंधांच्या सारांशात सर्व परिणामांचा उल्लेख नसतो, आणि असे निबंध शोधातून नकळत गळून पडतात.

मानसोपचारावरील बरेचसे साहित्य पबमेडमध्ये येत नाही, त्यासाठी सायकइन्फो ही मानसशास्त्राची सूची पाहावी लागते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि नियतकालिकात कधीच न छापल्या गेलेल्या भारतीय आकडेवारीसाठी तेथे एक फेरी मारावीच. पूर्ण मजकुरासाठी आपले महाविद्यालय १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत येते का, हे ग्रंथपालांना विचारावे. ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पूर्ण निबंध विनामूल्य देणारे पबमेड सेंट्रल, मोफत प्रती शोधून देणारे अनपेवॉल आणि थेट लेखकाला पाठवलेला नम्र ईमेल यांवर भिस्त ठेवावी लागते. हा शेवटचा मार्ग अनेकांना वाटतो त्याहून बराच फलदायी आहे.

प्रत्येक शोधाची तारीख, वापरलेली पूर्ण शोधओळ आणि मिळालेल्या निबंधांची संख्या त्याच दिवशी नोंदवावी. नोंदी संदर्भ साठवण्याच्या झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्या तर मागे घेतलेल्या निबंधावर इशारा दिसतो, ही त्याची दुर्लक्षित राहिलेली सोय आहे.

जीवशास्त्रीय निबंध वाचताना

निबंध वाचायला घेतला की सारांशानंतर थेट चर्चेकडे उडी न मारता आधी पद्धतीच्या भागातील परिणाममापनाचा परिच्छेद वाचावा, मग सहभागी कोण होते ते पाहावे, त्यानंतर तक्ते पाहावेत आणि चर्चा सर्वांत शेवटी वाचावी. चर्चा म्हणजे लेखकाचे वकीलपत्र असते. साक्षीपुरावा तक्त्यांत असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. उंदरांचे श्रवणउंबरठे काही दिवसांत पूर्ववत झाले आणि आवाज टिपणाऱ्या केशपेशीही शाबूत राहिल्या, पण आतील केशपेशी आणि श्रवणचेता (श्रवणाची नस) यांना जोडणारे सिनॅप्स काही भागांत निम्म्यापर्यंत नष्ट झालेले आढळले. ‘तात्पुरता’ मानला जाणारा बहिरेपणा कायमची खूण ठेवून जातो, असे या प्रयोगाने दाखवले आणि ‘ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) नॉर्मल आहे, पण कान वाजतो’ या ओपीडीतल्या नेहमीच्या कोड्याला एक शक्य स्पष्टीकरण मिळाले. २०११ मध्ये शेटे आणि मॅकअल्पाइन यांनी नॉर्मल ऑडिओग्राम आणि कर्णनाद असलेल्या १५ स्त्रियांची कर्णनाद नसलेल्या १८ स्त्रियांशी तुलना केली. कर्णनाद असलेल्यांमध्ये श्रवणचेतेकडून येणारी विद्युतलहर क्षीण दिसली. त्यानंतर २०१७ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या तरुणांमध्ये तसाच शोध घेतला, तेव्हा मात्र असा पुरावा हाती लागला नाही.

या तिन्ही निबंधांचा प्रबंधात एकत्र उल्लेख करावा, आणि तो याच क्रमाने करावा. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेसमोर उभ्या राहिलेल्या तरुणाच्या कानात हेच घडते, असे उंदरांवरील प्रयोगाच्या जोरावर लिहिणे हा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत वारंवार दिसणारा दोष आहे. प्राण्यांवरील प्रत्येक निबंधासाठी कोणता प्राणी, आवाजाची पातळी आणि अवधी किती, कोणते मोजमाप, आणि माणसांत त्याचा स्वतंत्र पुरावा मिळाला का, एवढ्या नोंदी वहीत असाव्यात. उंदराला कर्णनाद आहे की नाही हेही आपण अप्रत्यक्षच ठरवतो. सलग गोंगाटातील क्षणभराची शांतता त्याला जाणवते का, हे त्याच्या दचकण्यावरून मोजले जाते. त्यामुळे अशा प्रयोगातून फार तर आवाजाच्या बाजूबद्दल काही म्हणता येईल. त्रासाच्या बाजूबद्दल ते जवळजवळ मुके असतात.

मानसोपचाराचे निबंध : तुलना कोणाशी?

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण उत्साही निष्कर्ष सर्वांत सहज येथेच निघतात.

कर्णनादासाठी सीबीटीवरील सर्वांत विश्वासार्ह आढावा म्हणजे कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा. त्यात २८ अभ्यास आणि २,७३३ सहभागी आहेत. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी या ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीवर, ज्यांना उपचार मिळाला नाही किंवा जे प्रतीक्षायादीत होते त्यांच्या तुलनेत, सीबीटी घेतलेल्यांचे गुण उपचारांच्या शेवटी सरासरी सुमारे ११ ने कमी होते. या प्रश्नावलीवर ७ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानला जातो, म्हणजे ११ हा आकडा भरघोस आहे. तुलना ऑडिओलॉजीच्या नेहमीच्या उपचारांशी केली, तेव्हा मात्र फरक ६ च्याही किंचित खाली आला. तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या योगायोगापलीकडचा आहे, पण ७ च्या रेषेखाली आहे. उपचार एकच, प्रश्नावलीही एकच. तुलनागट बदलताच उत्तराचा आकार जवळजवळ निम्मा झाला. म्हणून कोणत्याही मानसोपचार-चाचणीचा आकडा टिपताना ‘कोणाच्या तुलनेत’ हे शब्द त्याच ओळीत लिहावेत. ते पुढच्या ओळीवर ढकलले की हळूहळू नाहीसे होतात.

प्रतीक्षायादीचा गट का फसवतो, हेही समजून घ्यावे. माणूस मदत मागायला येतो तेव्हा त्याचा त्रास बहुधा चढावर असतो, आणि काहीच न करताही तो थोडा उतरतो. हा परिणाम दोन्ही गटांत सारखा असल्याने तुलनेमुळे वजा होतो. परंतु उपचार मिळाल्याची आशा, आठवड्याला कोणीतरी तासभर नीट ऐकून घेतल्याचा दिलासा आणि उपचारकाला बरे वाटावे म्हणून दिलेली उत्तरे केवळ उपचारगटातच असतात. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. मानसोपचारात रुग्णाला आणि उपचारकाला अंधारात ठेवणे शक्य नसते. त्यामुळे ज्या चाचणीत तुलनागटालाही तितकाच वेळ आणि तितकेच लक्ष मिळाले, तिचे मोल अधिक. २०१७ मध्ये मॅकेना आणि सहकाऱ्यांनी ७५ रुग्णांत माइंडफुलनेसवर आधारित उपचाराची तुलना रिलॅक्सेशनच्या प्रशिक्षणाशी केली, ती याच कारणाने वाचनीय आहे. सिमा आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ४९२ रुग्णांवर केलेली आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी वेगळ्या कारणासाठी वाचावी. तिच्यात ऑडिओलॉजी आणि सीबीटी टप्प्याटप्प्याने एकत्र गुंफलेले आहेत आणि बारा महिन्यांपर्यंत पाठपुरावा आहे. अशा चाचणीतून संपूर्ण व्यवस्थेचा परिणाम कळतो. त्यातला सीबीटीचा वाटा किती, हे तिच्यावरून वेगळे काढता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोक्रेनच्याच २०१० च्या आढाव्यात कर्णनादाच्या जाणवणाऱ्या मोठेपणात सीबीटीमुळे लक्षणीय फरक आढळला नव्हता, त्रासात आणि जीवनमानात मात्र आढळला होता. त्यामुळे ‘सीबीटीने कर्णनाद कमी होतो’ हे विधान प्रबंधात येऊ देऊ नये. ‘सीबीटीने कर्णनादामुळे होणारा त्रास कमी होतो’ असेच लिहावे. फरक दोन-तीन शब्दांचा आहे, पण ते वाक्य वाचून उपचारांना येणाऱ्या माणसाने काय अपेक्षा ठेवायची, हे त्या शब्दांवर ठरते. आवाज थांबेल या आशेने आलेला माणूस चौथ्या सत्राला येत नाही.

मोजण्याची साधने

टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी १९९६ ची आहे. तिच्यात २५ प्रश्न असून ‘हो’ला ४, ‘कधीकधी’ला २ आणि ‘नाही’ला ० गुण दिले जातात. ती त्रास मोजते, आवाज मोजत नाही. उपचाराआधीचा आणि नंतरचा बदल टिपायचा असेल, तर त्याच हेतूने रचलेली २०१२ ची टिनिटस फंक्शनल इंडेक्स अधिक योग्य ठरते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ घ्यावी. ती नऊच प्रश्नांची असून मराठीतही उपलब्ध आहे.

या दोन प्रकारच्या प्रश्नावल्या एकत्र वापरताना एक सापळा असतो, आणि तो परीक्षकांच्याही नजरेतून बऱ्याचदा सुटतो. पीएचक्यू-९ झोपेबद्दल आणि लक्ष न लागण्याबद्दल विचारते, आणि कर्णनादाची प्रश्नावलीही नेमके तेच विचारते. ज्याला झोप लागत नाही, त्याचे गुण दोन्हीकडे वाढतात, आणि आपण ‘कर्णनादाचा त्रास आणि नैराश्य यांत घनिष्ठ संबंध आहे’ असे लिहून मोकळे होतो. यावर उपाय सोपा आहे. संबंधाचा गुणांक दोनदा काढावा, एकदा सर्व प्रश्नांसह आणि एकदा हे सामाईक प्रश्न वगळून, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत.

प्रश्नावलीचा मराठी अनुवाद लागणार असेल, तर आधी हक्कधारकांची परवानगी घ्यावी, मग दोघांकडून स्वतंत्र अनुवाद, तिसऱ्याकडून उलट अनुवाद आणि शेवटी मोजक्या रुग्णांवर चाचपणी या क्रमाने जावे. चाचपणी केवळ नौपाड्यातील पदवीधरांवर करू नये. घणसोली किंवा दिवाळे गावातील आगरी-कोळी बोलणाऱ्या ज्येष्ठांना आणि वागळे इस्टेटमधील कामगारांनाही तो मजकूर वाचून दाखवावा. कोण स्वतः भरतो आणि कोणाला वाचून दाखवावा लागतो, याची नोंद ठेवावी, कारण समोर प्रश्नकर्ता बसलेला असताना माणसे मनाच्या तक्रारी कमी सांगतात.

श्रवणाच्या मोजमापातही वर्ष पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात २५ डेसिबलपर्यंतचा सरासरी उंबरठा सामान्य मानला जात असे. २०२१ च्या जागतिक श्रवण अहवालात ही सीमा २० वर आली. अधिक चांगल्या कानाचा सरासरी उंबरठा २२ डेसिबल असलेली व्यक्ती एका निबंधात निरोगी आणि दुसऱ्यात सौम्य श्रवणदोष असलेली ठरते, तिच्या कानात काहीही बदललेले नसताना. कोणते वर्गीकरण वापरले, हे तक्त्याच्या मथळ्यातच लिहावे. ऑडिओमेट्री कोठे झाली, हेही महत्त्वाचे आहे. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या साध्या खोलीत चाचणी घेतली, तर वाहनांच्या घरघरीमुळे २५० आणि ५०० हर्ट्झचे उंबरठे खोटेच वर चढतात, आणि रुग्णाच्या नावावर नसलेला श्रवणदोष लागतो.

परिसरातील गोंगाट मोजायचा असल्यास

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा किंवा तीन हात नाका हाताशी असताना गोंगाटाचे मोजमाप अभ्यासात जोडण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. ते करावे, पण दोन काळज्या घ्याव्यात. पहिली गणिताची आहे. डेसिबल हे लॉगरिदमचे एकक असल्याने ७० आणि ८० या दोन वाचनांची सरासरी ७५ येत नाही. ऊर्जेच्या हिशेबाने ती ७७.४ येते. एक्सेलमध्ये साधी सरासरी काढून केलेले तक्ते म्हणजे निव्वळ शाई वाया. समतुल्य पातळी थेट देणारा, कॅलिब्रेट केलेला ध्वनिमापक मिळाला तर उत्तम. मोबाइलवरच भागवायचे असेल, तर अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेचे आयफोनवरील ॲप चाचणी घेतलेले आहे आणि तेच सर्वत्र वापरावे.

दुसरी काळजी मानकांची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्राची ५० आणि ४०. या मर्यादा उपद्रव टाळण्यासाठी आहेत. कानाच्या इजेसाठी नायोशची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबल अशी आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. निवासी भागातील चौकात ६८ डेसिबल आढळले, म्हणजे नियमाचा भंग झाला. तेथील पोलिसाच्या केशपेशी मेल्या, असे त्यावरून म्हणता येत नाही. येथेही आवाजाने होणारी इजा आणि आवाजाने होणारा त्रास ही दोन स्वतंत्र खाती आहेत.

किती माणसे लागतील

महाविद्यालयांत ‘तीस नमुने पुरे’ अशी एक म्हण रुजली आहे. तिची परीक्षा पाच मिनिटांत होते. दोन गटांतील ७ गुणांचा फरक पकडायचा आहे आणि गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, २० आहे, असे धरू. ढोबळ सूत्रानुसार प्रत्येक गटातील संख्या म्हणजे १६ गुणिले विचलनाचा वर्ग, भागिले फरकाचा वर्ग; म्हणजे ६,४०० भागिले ४९, अर्थात सुमारे १३१. पाचपैकी एक जण मध्येच सोडून जाईल असे धरले, तर प्रत्येक गटात १६४. एम.ए.च्या एका वर्षात हे होणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे उपचाराची परिणामकारकता तपासणारी चाचणी विद्यार्थ्याने एकट्याने हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मोजमापांतील संबंध शोधणारा अभ्यास मात्र आवाक्यात असतो. संबंधाचा ०.३ इतका गुणांक ८० टक्के शक्यतेने पकडण्यासाठी ८५ व्यक्ती पुरतात, आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयाची कान-नाक-घसा ओपीडी तेवढ्या व्यक्ती काही महिन्यांत देऊ शकते.

संख्या कमी पडणारच असेल, तर गुणात्मक अभ्यासाकडे वळण्यात कमीपणा नाही. दहाबारा जणांच्या सखोल मुलाखतींतून त्रास कसा उभा राहतो, रात्री नेमके काय होते, घरचे काय म्हणतात, हे जे हाती येते, ते २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत कधीच सापडत नाही. अशा मुलाखतीत तक्रार रुग्णाच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. ‘कुकरची शिट्टी अडकल्यागत’ असे कोणी म्हटले, तर तेथे ‘उच्च वारंवारतेचा कर्णनाद’ असे लिहू नये.

परवानगी आणि जबाबदारी

माहिती गोळा करण्यापूर्वी नैतिकता समितीची लेखी मान्यता हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे निरीक्षणात्मक अभ्यासालाही लागू आहेत. आपल्या कला महाविद्यालयात अशी समिती नसेल, तर ज्या रुग्णालयात माहिती गोळा करणार तेथील समितीकडे वेळेत अर्ज करावा. उपचाराची चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी ती भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नोंदवावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी स्वीकारली जात नाही.

या विषयात दोन परिस्थिती हमखास उद्भवतात आणि त्यांची तयारी अर्जातच दिसली पाहिजे. पहिली कानाची आहे. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा आवाज किंवा अचानक आलेला बहिरेपणा सांगणाऱ्या व्यक्तीला प्रश्नावलीपेक्षा डॉक्टरची गरज आधी असते. अचानक आलेल्या बहिरेपणात तर उपचाराचे दिवस मोजकेच असतात, म्हणून तिला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. दुसरी मनाची आहे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारतो. त्याला होकारार्थी उत्तर आले, तर फॉर्म गठ्ठ्यात टाकून पुढच्या माणसाकडे वळता येत नाही. प्रत्येक फॉर्ममधील हा प्रश्न सहभागी समोर असतानाच पाहावा, जबाबदार मानसोपचारतज्ज्ञाशी आधीच ठरवून ठेवलेल्या रीतीने लगेच संपर्क करावा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक संमतीपत्राच्या प्रतीवर छापलेला असावा.

प्रसिद्धी

प्रबंध झाल्यावर निबंध छापण्याची घाई होते आणि पैसे घेऊन आठवड्याभरात छापणाऱ्यांचे ईमेल येऊ लागतात. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्याने नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. ते मेडलाइन या वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीत किंवा डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या निर्देशिकेत आहे का, त्या त्या संकेतस्थळावर जाऊन पाहावे. नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावरील दाव्यावर विसंबू नये. संपादक मंडळातील दोन नावे निवडून त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या संपादकपदाचा उल्लेख आहे का, हे तपासावे. निबंध पाठवताना मुख्य परिणाम कोणता ठरवला होता, हे सिनॉप्सिसमधील शब्दांतच लिहावे, आणि मध्येच तो बदलला असेल, तर कोणत्या तारखेला आणि का बदलला, हे पद्धतीच्या भागात नोंदवावे.